कात्री स्वस्त, माप महाग

पातळ पत्रा घरच्या घरी कापायला कारखाना लागत नाही. एक चांगली कात्री, हातोडी, लाकडी मोगरी, गुण्या, मोजपट्टी, कानस आणि खूण करायला अणकुचीदार सळी, एवढ्या हत्यारांवर काम सुरू होते. ही सगळी हत्यारे एका गोणपाटाच्या पिशवीत मावतात. तरीही आपल्या शिराळ्यासारख्या गावांतून हे काम करणारी घरे कमी होत चालली आहेत. कोणी म्हणतो प्लास्टिकने मारले, कोणी म्हणतो तरुणांना मेहनत नको. दोन्हींत थोडे तथ्य आहे. पण माझ्या मते खरे कारण वेगळे आहे. आपण मुलांच्या हातात कात्री दिली, माप दिले नाही.

मी कापडाचा व्यापारी. लोखंडाशी माझा संबंध दुकानाच्या शटरपुरता. मग पत्र्याच्या कामावर याने का लिहावे, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर एका छोट्या व्यवहारात आहे.

आमच्या गल्लीत एक मुलगा आहे. त्याचे आजोबा शिकलगारी करीत. 'सैकल' म्हणजे धातू घासून त्याला चकाकी आणणे. त्या शब्दावरून सैकलगर झाला आणि आपल्याकडे येऊन तो शिकलगार झाला. तलवारींचे दिवस संपले तेव्हा हे लोक विळे, कोयते, अडकित्ते यांना धार लावू लागले, पत्र्याच्या पेट्या आणि डबे करू लागले. या मुलाच्या वडिलांनी मात्र हत्यारे माळ्यावर टाकली आणि मालगाडीचे स्टिअरिंग धरले. मुलगा दहावीनंतर घरी बसून होता. एके दिवशी त्याने आजोबांची कात्री खाली काढली, धार लावून घेतली आणि एका शेतकऱ्याकडून धान्याच्या तीन कोठ्यांची ऑर्डर आणली. दोन फूट रुंद, चार फूट उंच. पत्र्यासाठी पैसे हवेत म्हणून तो माझ्याकडे आला. मी उसने दिले. त्याने २४ गेजचे पाच जस्ती पत्रे आणले.

आठ दिवसांनी तो परत आला, तो हाताला फडके गुंडाळून.

"चाचा, पत्रा वाया गेला. तुमचे पैसे द्यायला जरा उशीर होईल."

"पैशाचे नंतर बघू. हाताला काय झाले?"

"तळ बसेना, म्हणून जोर लावला. पत्रा सरकला."

धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले का, हे विचारून मी त्याच्या घरी गेलो. अंगणात त्याची आपा शिलाई यंत्रावर ब्लाऊज शिवीत बसली होती आणि शेजारी ती अर्धवट कोठी दोरीने आवळून ठेवलेली होती. रिवेट अजून मारलेले नव्हते. दोन फुटांचा तळ त्या कोठीला कोणत्याही बाजूने लागत नव्हता.

चूक कात्रीची नव्हती. काप सरळ होता. मी विचारले, "घेर किती धरलास?" तो म्हणाला, "व्यासाच्या तिप्पट. चोवीस त्रिक बहात्तर."

येथेच सगळे बिघडले. घेर व्यासाच्या तिप्पट नसतो, तिपटीहून थोडा जास्त असतो. २२ भागिले ७ या हिशोबाने चोवीस इंच व्यासाला सुमारे साडेपंच्याहत्तर इंच घेर लागतो, आणि जोडासाठी आणखी एक इंच. या मुलाने ७२ इंचांवर कापला आणि त्यातलाच एक इंच जोडात घातला. कोठीची रुंदी साडेबावीस इंचांच्या आसपास आली. तळ मात्र पुऱ्या चोवीस इंचांचा. तो कसा बसणार? जोर लावला तर हातच कापणार.

मी उर्दू शाळेत शिकलो. आम्ही घेराला 'मुहीत' म्हणायचो. हा मुलगा मराठी शाळेत शिकला, त्याच्या पुस्तकात त्याला 'परीघ' म्हणतात. शिंपी त्यालाच घेर म्हणतो. नावे तीन, गोष्ट एक. त्याने परिघाची गणिते सोडवली होती आणि त्यात त्याला गुणही मिळाले होते. पण वहीतला परीघ आणि अंगणातला पत्रा यांची गाठ त्याला कोणी घालून दिली नव्हती.

वाट दाखवली ती त्याच्या आपाने. ती म्हणाली, "मी कापड आधी कागदावर मांडते. हा थेट पत्र्यावर कात्री चालवतो." तिने वर्तमानपत्राचा कागद घेतला. पत्रा ८ फूट बाय ४ फूट, म्हणजे ९६ इंच लांब आणि ४८ इंच रुंद. एका इंचाला एक दोरा धरून तिने तो कागदावर आखला. जसा कापडाचा पन्हा पाहून आपण परकर बसवतो, तशी तिने कोठी त्यात बसवायला घेतली. चोवीस इंचांची कोठी काही बसेना. अंगाला साडेशहात्तर इंच गेले की उरतात साडेएकोणीस, आणि तळाला मुडपीसह सव्वीस इंच लागतात. म्हणजे तळ आणि झाकण यांसाठी निराळा पत्रा फाडावा लागणार. तीन कोठ्यांना पाच पत्रे, असा हिशोब पोराने केला होता. तो बरोबर होता, पण महाग होता.

मग तिने व्यास बावीस इंच धरला. घेर एकोणसत्तर इंच आणि वर थोडे, जोडासह सत्तर. पत्रा ७२ वर कापला की शिल्लक राहतो २४ बाय ४८ चा तुकडा. त्याचे बरोबर दोन चौकोन होतात, चोवीस इंचांचे. एक तळाला, एक झाकणाला, सगळीकडून एक-एक इंच मुडपीसाठी सोडून. अंगाची उंची ४८ ऐवजी ४५ ठेवली की तीन इंचांची जी पट्टी निघते, तीच झाकणाच्या कडेला लागते. एका पत्र्यात एक कोठी. चिंधी म्हणावी तर फक्त चौकोनांचे कोपरे. आणि गंमत अशी, की ज्या ७२ इंचांवर मुलाने चुकून पत्रा कापला होता, तोच काप या नव्या मापाला अगदी बरोबर होता. वाया गेलेला पत्रा वाया गेलाच नव्हता.

मुलगा शेतकऱ्याकडे गेला आणि त्याने खरे ते सांगितले. कोठी दोन इंच अरुंद आणि तीन इंच बुटकी होईल, धान्य जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी मावेल, पण पत्रा पाचाऐवजी तीन लागतील, तेव्हा किंमत त्याहून जास्त उतरेल. अशा कोठीत सुमारे दोन क्विंटल गहू राहतो. शेतकऱ्याने हिशोब ऐकला आणि हो म्हटले. तीन कोठ्या झाल्या, एक अखंड पत्रा उरला, तुकडे उरले ते वेगळेच. त्या तुकड्यांची नरसाळी झाली. माझे पैसे मला मिळाले.

हा प्रसंग मी एवढ्या विस्ताराने सांगितला, कारण या धंद्याचे सारे दुखणे त्यात आहे. कात्री तीच, पत्रा तोच, हात तेच. फरक पडला तो कागदावर घातलेल्या अर्ध्या तासाने.

आधी कागद, मग कात्री

कापडाच्या धंद्यात कटिंग मास्तरचा पगार शिवणाऱ्यापेक्षा जास्त असतो, तो उगाच नाही. शिलाई उसवून परत घालता येते, चुकलेला काप परत जोडता येत नाही. पत्र्याचेही तसेच आहे, उलट जास्तच. कापड थोडे ओढून बसते, पत्रा ओढत नाही.

आपल्याच जिल्ह्यात याचे मोठे उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर कारखानदार होण्यापूर्वी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक चित्रकला शिकवीत होते. पुढे बेळगावात सायकलचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या जागेवर किर्लोस्करवाडी, असा तो प्रवास आहे. ज्याला लोखंड कागदावर दिसले, त्यालाच ते हातात नीट धरता आले. त्याच्याही सातशे वर्षे आधी, १२०६ मध्ये, दियारबकरच्या दरबारातील कारागीर अल-जजरी यांनी यंत्रांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ पूर्ण केला. यंत्राचा आराखडा आधी कागदाच्या नमुन्यावर पक्का करण्याची त्यांची पद्धत होती, असे इतिहासकार सांगतात. आपल्या पूर्वजांच्या नावाचा अभिमान आपण बाळगतो. त्यांचा कागद मात्र आपण विसरलो.

ज्यांना हे काम घरी करायचे आहे त्यांच्यासाठी, जाणत्या कारागिरांकडून ऐकलेल्या आणि मी स्वतः पाहिलेल्या काही गोष्टी येथे देतो.

पत्र्यावरची खूण खडूने करू नये, सळीने बारीक ओरखडा काढावा. खडूची रेघ दोन मिलिमीटर जाड होते आणि तेवढाच काप चुकतो. कात्री चालवताना पाती टोकापर्यंत मिटू देऊ नयेत. टोक मिटले की प्रत्येक घासाला कडेवर एक दाता पडतो आणि पुढे तोच दाता हाताला लागतो. घास अर्धवट ठेवून कात्री पुढे सरकवत न्यावी. घरगुती कात्रीने २४ गेज किंवा त्याहून पातळ पत्रा आरामात कापतो. त्याहून जाड पत्र्यावर लोक कात्रीच्या मुठीत पाइप घालून जोर लावतात. त्याने कात्रीचा खिळा ढिला होतो आणि मग ती कात्री पातळ पत्राही कापत नाही, नुसता दुमडते.

मधोमध भोक पाडायचे असेल तर खाली लाकडाचा ठोकळा घेऊन छन्नीने वाट करावी आणि तेथून कात्री फिरवावी. करवत वापरायची तर बारीक दात्यांचे, इंचाला ३२ दाते असलेले पाते घ्यावे आणि पत्रा दोन प्लायवुडच्या फळ्यांमध्ये घट्ट धरून फळ्यांसकट कापावा. मोकळा पत्रा करवतीच्या दात्यात अडकतो आणि फाटतो. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असेल तर कात्रीचीही गरज नाही. पट्टी लावून टोकदार पात्याने पाच-सहा वेळा खोल ओरखडा काढावा, दोन लाकडी पट्ट्यांत धरून पुढे-मागे वाकवावा, तो रेघेवर सरळ तुटतो.

कापलेली कड कधीही तशीच सोडू नये. कानस मारावी आणि शक्य तेथे मुडप घालावी. मुडपीने पत्र्याला ताकद येते आणि घरातल्या लेकरांचे हात वाचतात. कापताना चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. जस्ती पत्रा तापवू नये, जस्ताच्या धुराने ताप भरतो. डाग देण्याच्या जुन्या मिश्रणात शिसे असते, म्हणून खाण्यापिण्याच्या वस्तूला ते चालत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, पेट्रोल, रॉकेल किंवा थिनरचे रिकामे पिंप कधीही ग्राइंडरने कापू नये. रिकाम्या पिंपात राहिलेली वाफ एका ठिणगीने पेटते. औषध फवारणीच्या डब्यांचा पत्रा तर धान्याला लावूच नये, कितीही धुतला तरी.

गेज आणि ईमान

आता मापाची दुसरी बाजू. ही व्यापारी म्हणून मला जास्त टोचते.

सुताचा काउंट जितका मोठा तितके सूत बारीक, हे कापडवाल्यांना ठाऊक आहे. पत्र्याच्या गेजचेही तसेच उलटे आहे. आकडा मोठा, पत्रा पातळ. २४ गेज म्हणजे सुमारे ०.५६ मिलिमीटर, २६ म्हणजे ०.४६, २८ म्हणजे ०.३८. ग्राहकाला हा फरक डोळ्यांनी दिसत नाही. वजनाला मात्र दिसतो. आठ बाय चारचा २४ गेजचा पत्रा साधारण १३ किलो भरतो, २६ गेजचा पावणेअकरा. म्हणजे २४ सांगून २६ लावला की पत्र्यामागे सव्वादोन किलो लोखंड खिशात जाते. कोठी दिसायला तशीच दिसते. दोन वर्षांनी तळ फुगतो, तेव्हा शेतकरी म्हणतो, "पत्र्यातच दम राहिला नाही." दम पत्र्यातला गेलेला नसतो, कारागिराच्या शब्दातला गेलेला असतो.

कमी मापून देणाऱ्यांबद्दल कुरआन शरीफमध्ये सूरह मुतफ्फिफीन ही एक संपूर्ण सूरह त्या नावाने आहे, हे आपण जाणतो. आपण ते तराजूपुरते मानतो. माझ्या मते गेजही तराजूच आहे आणि कापडाचा पन्हाही. सूरह सबामध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे, आणि त्यासोबतच चिलखताच्या कड्या योग्य मापाने जोडण्याची आज्ञा आहे. लोखंड मऊ करून देणाऱ्याने मापाची सूट दिलेली नाही. तेव्हा आपल्या कारागिरांनी पावतीवर गेज न लिहिता मिलिमीटर लिहावे आणि ग्राहकाने मागितल्यास काट्यावर तोलून दाखवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सुरुवातीला गिऱ्हाईक दोन पैसे स्वस्त मिळणाऱ्या दुकानात जाईल. दुसऱ्या वर्षी ते परत येईल.

हा धंदा टिकेल का?

काही मित्र म्हणतात, "शेठ, कारखान्यातून तयार कोठ्या येतात, लेझरने पत्रा कापतात, तुम्ही कुठे कात्री घेऊन बसला?" यात खरेपणा आहे, ते नाकारून चालणार नाही. एकसारख्या शंभर कोठ्या करायच्या तर घरगुती कारागीर कारखान्यापुढे टिकणार नाही, आणि त्याने ती स्पर्धा करूही नये.

पण शिराळ्याचा पाऊस पाहा. चांदोलीकडच्या पश्चिम भागात तो कसा कोसळतो हे सांगायला नको. प्रत्येक घराचे छप्पर वेगळे, प्रत्येक पागोळीची लांबी वेगळी. त्या मापाची पन्हळ कोणताही कारखाना तयार ठेवत नाही. गोठ्यातली गव्हाण, चुलीवरचे धुराडे, कौलांच्या सांध्यावरची पट्टी, दरवाजाच्या खालच्या कुजलेल्या फळीवरचा पत्रा, हे सगळे एकेकाच्या मापाचे काम आहे. जेथे माप वेगळे, तेथे हात लागतो. माझ्या स्वतःच्या दुकानात गेल्या पावसाळ्यात पन्हळ फुटून सुती कापडाचे दोन ताके भिजले होते. यंदा त्याच मुलाने नवी पन्हळ करून दिली. आधी त्याने कागद आणला होता, त्यावर उतार किती ठेवायचा तेही लिहिले होते.

मदतीच्या योजनांकडे पाहावे तर तेथेही एक अडचण आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यात १८ व्यवसाय आहेत. प्रशिक्षण आहे, हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे, पाच टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज आहे. यादीत लोहार आहे, हातोडी व अवजारे करणारा आहे, कुलूप करणारा आहे, शिंपी आहे. पण पत्र्याचे काम करणारा त्या नावाने नाही. आयटीआयमध्ये मात्र शीट मेटल वर्कर हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. जे काम सरकार आपल्या शाळेत शिकवते, ते सरकारच्या यादीत नावानिशी असावे, ही मागणी रास्त आहे आणि आपल्या प्रतिनिधींनी ती मांडावी.

तोपर्यंत हात जोडून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक गावच्या जमातीने हत्यारांचा एक संच विकत घेऊन ठेवावा आणि होतकरू मुलाला तो उसना द्यावा. गावात एखादा तरी म्हातारा कारागीर शिल्लक असतो. महिन्यातून एका रविवारी त्याच्यासमोर चार मुले बसवावीत. आणि त्या चार मुलांसोबत शिवणकाम करणारी एखादी मुलगीही बसवावी, ही माझी खास सूचना आहे. आपल्या घराघरांत ज्या मुली कागद कापून ब्लाऊज बसवतात, त्यांना पत्र्याचा आराखडा करता येतो. कात्री भावाने चालवावी, मांडणी बहिणीने करावी. ज्या घरात हे दोन्ही हात आहेत, तेथे रोजी दाराबाहेर शोधायला नको.

त्या मुलाच्या अंगणात आता भिंतीला एक खिळा आहे. त्यावर आजोबांची कात्री टांगलेली असते आणि तिच्याच शेजारी, दोरीला अडकवलेले, वर्तमानपत्राचे आराखडे. बावीस इंचांची कोठी, नऊ इंचांचे नरसाळे, माझ्या दुकानाची पन्हळ. प्रत्येकावर आपाच्या अक्षरात मापे लिहिली आहेत. परवा मी गेलो तेव्हा तो मला म्हणाला, "चाचा, आता आधी ते कागद काढतो, मग कात्री."

अल्लाह तआला अशा हातांना हलाल रोजी आणि बरकत देवो. आमीन.